टिंब, रेघ आणि मधली जागा

दिवाळी अंकांत आपापल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं मी आवडीनं वाचते. कुणी चाळीस वर्षं रेल्वेला सिग्नल दिलेले असतात, कुणी तेवढीच वर्षं तुरुंगाच्या किल्ल्या सांभाळलेल्या असतात. आमच्या कॉलेजच्या मराठीच्या मॅडमनी या वेळी मलाच लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, माझी नोकरी दोन वर्षांची. तीही दुपारी दोन ते सात." मॅडम म्हणाल्या, "पण तू करतेस ते काम साताऱ्यात दुसरं कोण करतं?" ते काम खरंच दुसरं कुणी करत नाही. आणि मीही ती दोन वर्षं ते केलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याबद्दलच लिहायचा प्रयत्न करते.

मी म्हसवडकडची. वडील मेंढरं राखतात. घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली, आता साताऱ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सकाळचं असतं, म्हणून दुपारी विलासदादांच्या दुकानात काम करते. दुकान पोवई नाक्यापासून थोडं आत, सन्मानचिन्हांचं. आपल्याकडे रोज कुणाचा तरी सत्कार असतो. ज्याचा आज होतो, तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा करतो. ही साखळी तुटली तर आमचं दुकान बंद पडेल, पण ती तुटेल अशी भीती विलासदादांना कधी वाटलेली नाही. गिऱ्हाईक समोर असलं की ते मला "वैशाली मॅडम" म्हणतात, नसलं की "वैशे".

एकदा एका मुलीनं मोबाईलवर एक रील दाखवलं. त्यात हातातल्या साखळीवर नुसती टिंबं आणि रेघा होत्या. ती म्हणाली, "हा मोर्स कोड आहे. यात त्याचं नाव लपलंय. असं करून मिळेल?" विलासदादांना मोर्स कोड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण "मिळणार नाही" हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉम्प्युटरवर शोधलं तर एक फुकटचं पान सापडलं. त्यावर दोन चौकोन. डावीकडच्या चौकोनात इंग्रजी अक्षरं टाकली की उजवीकडं टिंबं-रेघा उमटतात. उलटंही करता येतं. उजवीकडं टिंबं-रेघा टाकल्या की डावीकडं अक्षरं येतात. दुसऱ्या दिवशी दुकानावर फ्लेक्स लागला : "साताऱ्यात प्रथमच! तुमच्या मनातलं गुप्त भाषेत!" खाली माझा फोटो लावायचा दादांचा विचार होता. मी हात जोडल्यावर त्यांनी मोराचा फोटो लावला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी तारेनं किंवा बिनतारी यंत्रानं शब्द पाठवता येत नव्हते, फक्त टक् असा आवाज पाठवता यायचा. म्हणून प्रत्येक अक्षराला छोट्या आणि लांब आवाजांची एकेक जोडणी दिली. छोटा आवाज म्हणजे टिंब, लांब म्हणजे रेघ. उदाहरणार्थ, इंग्रजी ई म्हणजे एक टिंब, ए म्हणजे टिंब आणि रेघ, ओ म्हणजे तीन रेघा. एवढंच.

माझं काम असं. उजव्या चौकोनातलं उचलायचं, डिझाईनमध्ये आणायचं, टिंबं गोल करायची, रेघा जाड करायच्या. आणि सगळ्यात शेवटी सगळं निवडून "सारखं अंतर" हे बटण दाबायचं. हे बटण म्हणजे विलासदादांचा जीव. सन्मानचिन्हावर संस्थेचं नाव असो, घराची पाटी असो, शेवटी ते बटण दाबल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही, ही दुकानातली रीत. "कुठं जागा जास्त सुटली की माल स्वस्त दिसतो," असं ते म्हणतात. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. मला कधी त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

पहिल्याच महिन्यात मी आण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, एक छोटी पट्टी करून पाठवली. त्यांनी ती काठीला बांधली आणि फोन केला.

"ह्ये काय हाय?"

"तुमचं नाव आहे आण्णा. कुणाला वाचता येणार नाही असं."

"मला बी न्हाई?"

"तुम्हाला पण नाही."

"मग ल्हिवलं कशाला?"

मी सांगितलं की शहरात सध्या असंच चालतं. ते "बरं" म्हणाले. शहराबद्दल काहीही सांगितलं की ते "बरं" म्हणतात.

गिऱ्हाइकं मात्र येत राहिली. एक जोडपं आठवतं. मुलाला साखळीवर काहीतरी कोरून घ्यायचं होतं आणि त्यानं तीनदा विचारलं, "घरच्यांना कळणार नाही ना?" मी मनापासून सांगितलं, "कुणालाच कळणार नाही." मी किती खरं बोलत होते ते मलाही माहीत नव्हतं.

एक गृहस्थ लग्नाच्या आहेराच्या डब्या घेऊन आले. त्यांना मोर्स हवा होता, पण मराठीतून. "इंग्रजीची गुलामी आपण कुठवर करायची?" असं त्यांनी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "अजिबात नाही करायची." मी डावीकडं "शुभ विवाह" टाकलं. त्या पानाला मराठी येत नव्हतं, त्यामुळं उजवीकडं प्रश्नचिन्हांची रांग उमटली. मी संकोचून म्हणाले, "काका, हे बरोबर येत नाहीये." त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "वा! तेच घ्या. नक्षी चांगली आहे." दोनशे डब्यांवर नवरा-नवरीच्या नावांमध्ये प्रश्नचिन्हं गेली. लग्न व्यवस्थित पार पडल्याचं नंतर कळलं.

मग भाऊंच्या वाढदिवसाचं सन्मानचिन्ह. भाऊ कोण ते लिहीत नाही. प्रत्येक तालुक्यात एक असतात. कार्यकर्त्यांना भाऊंचं नाव मोर्समध्ये हवं होतं. मी काढून दिलं तर त्यांच्यातला मुख्य माणूस नाराज झाला. "ह्यात टिंबंच लय हायत. भाऊ एवढे बारीक दिसाय नकोत. रेघा वाढवा."

"रेघा वाढवल्या तर नाव बदलेल," मी म्हणाले.

"नाव फोटोखाली मराठीत हायच की."

विलासदादा मागून म्हणाले, "वैशाली मॅडम, वाढवा." मी वाढवल्या. भाऊ भारदस्त दिसू लागले.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलमालकानं सगळ्या खोल्यांना फळांची नावं दिली होती. ती मोर्समध्ये दारांवर लावली. आठवड्यात त्यांचा फोन आला. पाहुण्यांना खोल्या सापडत नव्हत्या, एक कुटुंब दुसऱ्यांच्या खोलीत जाऊन झोपलं होतं. उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक मोर्स पाटीखाली साध्या अक्षरांची दुसरी पाटी मागवली. त्या दिवशी दादांनी सगळ्यांना बासुंदी पाजली. "एका दाराला दोन पाट्या," ते म्हणाले. "याला म्हणतात तंत्रज्ञान."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण तेव्हा हसत नव्हते. मला वाटायचं, लोकांच्या मनातलं काहीतरी नाजूक माझ्या हातून जातंय. मी एकेक अक्षर दोनदा तपासत असे. फक्त बटण दाबायच्या आधी तपासत असे, नंतर नाही.

यंदाच्या पावसाळ्याच्या शेवटी मुल्ला चाचा आले. कोयनानगरहून एसटीनं, हातात छत्री आणि प्लास्टिकची फाईल. वय ऐंशीच्या आसपास, पण पाठ ताठ. फाईलमधून त्यांनी चौकटीच्या वहीचं एक पान काढलं. त्यावर शाईनं टिंबं-रेघा काढलेल्या होत्या. टिंबाला एक चौकट, रेघेला तीन. मध्ये कुठं एक चौकट मोकळी, कुठं तीन, एका ठिकाणी तर सलग सात.

"ह्ये पितळेवर पायजे," ते म्हणाले. "उठावाचं. हाताला लागलं पायजे."

उठावाचं म्हणजे आजूबाजूचं पितळ खरवडून टिंबं-रेघा वर ठेवायच्या. कष्टाचं काम, सहसा कुणी मागत नाही. दादांनी पान हातात घेऊन तिरकं केलं. "चाचा, हे जरा कमी-जास्त झालंय. काळजी नको. आमच्या मुलीकडं कॉम्प्युटरवर सगळं तयार येतं."

"कमी-जास्त न्हाई, मोजून काढलंय." चाचा माझ्याकडं वळले. "कॉम्प्युटरला मोर्स येतंय व्हय?"

"येतं, चाचा."

"त्याला कुणी शिकिवलं?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि पाटीवर काय आहे ते विचारलं. ते जरा लाजले. मग म्हणाले, "जेवलास का."

चाचा धरणावरच्या बिनतारी खोलीत नोकरीला होते. पावसाळ्यात धरणातून किती पाणी सोडलं त्याचा आकडा तासातासाला सांगलीला कळवायचा, म्हणजे तिकडं नदीकाठची माणसं सावध होणार. सांगलीच्या टोकाला धोंडीराम कांबळे नावाचे ऑपरेटर असत.

"पयली सात वर्सं आमी एकमेकाला बघितलंच न्हवतं," चाचा म्हणाले. "पर हात ओळखायचो. परत्येकाचा हात येगळा आसतोय पोरी. धोंडिबा रेघ जरा लांबवायचा, मान वेळावल्यावानी. दुसरा कोण बसला तर मला पयल्या अक्षरात कळायचं."

"मग हे 'जेवलास का' कधी?"

"खाजगी बोलायची बंदी हुती. पर आकडं संपलं की तेवढंच. मी इचारायचो, जेवलास का. त्यो म्हणायचा, जेवलो. कवाबी इचारा, जेवलो. त्यो इचारायचा तवा मीबी तेच सांगायचो. पुराच्या टायमाला दोघंबी उपाशी आसायचो, दोघांनाबी ठावं आसायचं." ते हसले. "आता त्येला ऐंशी वर्सं हुत्यात. सांगलीला कार्यक्रम हाय. पाटी परस्पर त्येच्या पोराकडं पाठवा. मी थेट आयतवारी जातो आनि माझ्या हातानं देतो."

मी ऑर्डरच्या वहीत "पितळ, उठाव, सांगली" असं लिहिलं. उठाव का हवा, ते विचारलं नाही. मग चाचांनी चौकटी मोजून काढलेलं ते पान मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तेच शब्द इंग्रजी अक्षरांत डाव्या चौकोनात टाईप केले. याचं मला आजही वाईट वाटतं. जो माणूस आयुष्यभर ती भाषा बोलला त्याचा कागद बाजूला ठेवून मी एका फुकटच्या पानावर विश्वास ठेवला. खरं तर पानाचीही चूक नव्हती. त्यानं अक्षरांमध्ये जागा सोडून दिल्या होत्या. शेवटी विलासदादा आले आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. तेवीस टिंबं-रेघा एका ओळीत, सारख्या अंतरावर उभ्या राहिल्या. "बघ," ते म्हणाले, "दागिन्यासारखं दिसतंय." पाटी सांगलीला रवाना झाली.

चार दिवसांनी दुकानातलं इंटरनेट रडतरखडत चाललं होतं. मोर्सचं पान उघडलं, पण वरचे दोन चौकोन काही येईनात. त्याखालचा मजकूर तेवढा आला. दोन वर्षं मी त्या पानावर रोज जात होते आणि त्या चौकोनांच्या खाली एकदाही गेले नव्हते. वाट बघता बघता वाचायला लागले. तिथं लिहिलं होतं, एका अक्षरातल्या खुणांमध्ये एका टिंबाएवढी जागा, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी, दोन शब्दांमध्ये सात. जागा चुकली तर मजकूर वाचता येत नाही.

एक, तीन, सात. चाचांच्या मोकळ्या चौकटी.

इंटरनेट आल्यावर मी काचेच्या कपाटातली "आई" लिहिलेली नमुन्याची पट्टी काढली. आमच्याकडची सगळ्यात जास्त खपणारी वस्तू. तिच्यावर होत्या तशा सलग खुणा उजव्या चौकोनात टाकल्या. डावीकडं एक प्रश्नचिन्ह आलं. मग एका साखळीवरचं टाकलं, पुन्हा प्रश्नचिन्ह. म्हणजे दोन वर्षांत आमच्या दुकानातून एकही शब्द बाहेर पडला नव्हता. "शुभ विवाह"वाले काकाच काय ते खरे. त्यांनी निदान प्रश्नचिन्हं उघडपणे छापून घेतली होती.

मी विलासदादांना सगळं समजावून सांगितलं. कागदावर काढून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वैशे, कोण वाचतंय?"

"पण दादा, लोकांनी मनातलं सांगितलं होतं."

"आणि ते गुप्तच राहिलं की. फ्लेक्सवर आपण काय लिहिलंय?"

पण मला दुपारभर चैन पडेना. वहीत नंबर होते, म्हणून मी सहा-सात जणांना फोन केले आणि सांगितलं की आमच्याकडून चूक झाली, परत करून देऊ. हॉटेलवाले म्हणाले, "खालच्या पाट्या बरोबर आहेत ना? मग झालं." भाऊंचा कार्यकर्ता म्हणाला, "भाऊंचं सोडा, आमी आता दुसऱ्या भाऊंकडं हाय," आणि फोन ठेवला. साखळीवाल्या मुलाचं लग्न झालं होतं. तो बायकोला विचारून म्हणाला, "राहू द्या. ती म्हणतेय, छान दिसतंय." सगळे अगदी चांगुलपणानं बोलले. विलासदादा खरंच बरोबर होते. कुणीच वाचत नव्हतं.

त्या संध्याकाळी आण्णांचा फोन आला तेव्हा मी त्यांनाही सांगून टाकलं की काठीवरचं तुमचं नाव चुकलंय, अक्षरांच्या मध्ये जागा सोडायची राहिली. मला वाटलं ते "बरं" म्हणतील.

"मंजी मधी दम टाकलाच न्हाई व्हय?" ते म्हणाले. "आगं, मेंढराला शीळ घालताना बी मधी थांबाया लागतंय. सलग घातली तर मेंढरं नुसती मान वर करून बघत्यात. कुणीकडं जायाचं त्येनला कळत न्हाई."

जे आण्णांना शाळेत न जाता माहीत होतं, ते मला भौतिकशास्त्र घेऊन माहीत नव्हतं.

शेवटचा फोन चाचांना केला. खरं तर पहिला तोच करायला हवा होता.

"पोचली पाटी," चाचा म्हणाले. "पोरानं उघडली न्हाई, तशीच ठिवलीया. धोंडिबाच्या हातातच उघडायची."

मी धीर करून विचारलं, "चाचा, उठाव कशासाठी सांगितला होता?"

"धोंडिबाचं डोळं गेलं की गं. काचबिंदू. त्यो आता बोटानंच वाचणार. सगळी म्हणत्यात, फोन कर, फोनवर बोल. बोलतो की रोज. पर त्येच्याशी खरं बोलायचं मंजी हातानं." थोडं थांबून म्हणाले, "हालो? हायस का पोरी?"

"आहे चाचा."

"आगं, मग बोलंनास?"

मी "काही नाही" म्हणून फोन ठेवला. एवढ्या गिऱ्हाइकांत एकच माणूस ती पाटी वाचणार होता, आणि त्याच्या हातात मी तेवीस खुणांचा कचरा दिला होता.

शनिवारी दादांना म्हणाले, "मला पितळेचा एक तुकडा द्या. पाटी परत करते." ते नाराज झाले, पण तुकडा दिला. ड्रॉवरमधून चाचांचं पान काढलं. या वेळी कॉम्प्युटरला काही विचारलं नाही. चौकटीला चौकट लावून, पट्टीनं मोजून सगळं मांडलं. मांडता मांडता अक्षरं ओळखू यायला लागली. जे, ई, व्ही, एल. पाटी निघाली तेव्हा दादा बघायला आले.

"सारखं अंतर दाबलंस?"

"नाही."

"मग बरोबर. घाण दिसतंय."

"दिसायचं नाहीये दादा. लागायचंय."

त्यांनी पाटीवरून अंगठा फिरवला आणि ते गिऱ्हाइकाकडं गेले.

माझा बेत असा होता, की रविवारी सकाळी लवकर सांगली गाठायची, चाचांना एका बाजूला घेऊन खरं सांगायचं आणि कार्यक्रमाआधीच पाटी बदलायची. कराडच्या पुढं बस बंद पडली. दुसरी येऊन सांगलीला पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. विहाराशेजारच्या हॉलवर धावत गेले तेव्हा कार्यक्रम भरात होता. प्रमुख पाहुणे नुकतेच येऊन नुकतेच बोलायला उठले होते, म्हणजे अजून बराच वेळ होता. मागच्या बाजूला जेवणाची पातेली झाकून ठेवलेली होती आणि बसलेल्या सगळ्यांचं लक्ष तिकडंच होतं. व्यासपीठावर शाली, नारळ आणि सन्मानचिन्हांचा ढीग. त्यातली दोन आमच्याच दुकानातली होती, मी लांबूनच ओळखली.

मधोमध खुर्चीवर धोंडीराम कांबळे बसले होते. इथं सगळे त्यांना तात्या म्हणत होते. गडद चष्मा, पांढरा शर्ट, गळ्यात चार हार. शेजारी मुल्ला चाचा. आणि पितळी पाटी आधीच तात्यांच्या मांडीवर होती.

तात्यांचं बोट तिच्यावरून फिरत होतं. डावीकडून उजवीकडं गेलं. परत मागं आलं. पुन्हा गेलं. प्रमुख पाहुणे माईकवर सांगत होते की ही गुप्त लिपी म्हणजे मैत्रीचं प्रतीक आहे आणि तरुण पिढीनं यातून बोध घ्यावा. तात्यांचं बोट थांबलं. मी व्यासपीठाच्या पायरीपर्यंत पोचले होते, म्हणून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. त्यांनी चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाले, "ऱ्हाऊ दे इस्माईल. तुझा हात गेला रं गड्या. वय झालं आपलं. वाईट वाटून घिऊ नगंस."

चाचांनी पाटी ओढून घेतली, बोट फिरवलं. त्यांना लगेच कळलं असणार. पण त्यांनी दुकानाचं नाव घेतलं नाही की माझं. नुसते खाली बघत बसले. सात वर्षं न बघता ज्यानं त्यांचा हात ओळखला, त्यानंच आज भरल्या सभेत तो हात गेला म्हणून सांगितलं होतं.

मला सभेत बोलायची सवय नाही. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नाही. पण मी व्यासपीठावर चढले आणि म्हणाले, "तात्या, चाचांचा हात नाही गेला. चूक माझी आहे. त्यांनी मोजून दिलं होतं, मीच जागा खाल्ली."

प्रमुख पाहुणे थांबले. निवेदक मला खाली उतरवायला पुढं आला. चाचांनी हातानंच त्याला अडवलं.

"कोण गं तू?" तात्यांनी विचारलं.

"साताऱ्याची. पाटी करणारी."

"मोर्स येतंय तुला?"

"नाही येत. कॉम्प्युटरला येतं असं वाटलं होतं."

तात्या हसले. मी पिशवीतून दुसरी पाटी काढून त्यांच्या हातात ठेवली. या वेळी बोट सावकाश निघालं. पहिल्या अक्षरानंतर क्षणभर थांबलं, मग पुढं. थांबत, पुढं जात. मोठ्या जागेवर आलं तेव्हा त्यांनी बोट उचललंच, जणू दम टाकला. मग शेवटची दोन अक्षरं. त्यांनी पहिली पाटी चाचांच्या हातून परत घेतली.

"ही बी ऱ्हाऊ दे माझ्याकडं," ते म्हणाले. "पुरात वीज कडाडली की तुझा आवाज असाच यायचा. सगळा एकात एक."

मग त्यांनी बोटातली अंगठी खुर्चीच्या लोखंडी हातावर आपटायला सुरुवात केली. टक्, मग अंगठी घासत तीन लांब. मध्ये जागा. पुन्हा टक्. मला ऐकून कळेल असं वाटलं नव्हतं, पण पहिली चार अक्षरं माझ्या पाटीवरचीच होती. शनिवारी दुपारभर मी तीच मोजत बसले होते. त्यानंतर सावकाश तीन रेघा आल्या आणि शेवटची रेघ त्यांनी जरा लांबवली, मान वेळावल्यासारखी. तीन रेघा म्हणजे ओ. चौकोन न उघडता मी आयुष्यात वाचलेला तो पहिला शब्द. जेवलो.

चाचांनी डोळे पुसले, मागं झाकून ठेवलेल्या पातेल्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "खोटं बोलतंय बेनं. आजून बी." मग त्यांनी तात्यांना दंडाला धरून उठवलं. "चल ऊठ. जेवाय चल."

दोघं एकमेकांना धरून व्यासपीठ उतरले आणि पातेल्यांच्या दिशेनं निघाले. त्यांच्या मागं निवेदक माईकवरून सगळ्यांना शांत बसायची विनंती करत होता, कारण आता सत्कारमूर्ती आणि त्यांचे स्नेही आपलं मनोगत व्यक्त करणार होते.